आपला पेशा आणि आपण : तीन आत्मचरित्रे

गेल्या पावसाळ्यात मी तीन आत्मचरित्रे लागोपाठ वाचली. पहिले टेनिसपटूचे, दुसरे बूट विकता विकता उद्योगपती झालेल्या माणसाचे आणि तिसरे मराठी नटाचे. तिन्ही वाचून झाल्यावर लक्षात आले की ज्या कामावर आपले पोट चालते आणि ज्यामुळे आपले नाव होते, ते काम आपण स्वतः निवडलेले असते का, हा एकच प्रश्न या तिघांच्याही मुळाशी आहे.

आंद्रे आगासीचे 'ओपन' 2009 साली प्रसिद्ध झाले. आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवणारा हा खेळाडू सुरुवातीलाच सांगून टाकतो की त्याला टेनिसचा तिटकारा आहे. लास वेगासमधल्या घरामागच्या कोर्टाचे वर्णन वाचले की या कबुलीबद्दल शंका उरत नाही. त्याच्या वडिलांनी 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये इराणकडून मुष्टियुद्ध केले होते. त्यांनी चेंडू फेकणाऱ्या यंत्रात फेरफार करून ते उंच बैठकीवर बसवले होते, त्यामुळे चेंडू वरून सुसाट खाली येई आणि सात वर्षांच्या पोराला तो उसळी घेऊन डोक्यावरून जाण्याच्या आत टोलवावा लागे. त्या यंत्राला आगासी 'ड्रॅगन' म्हणतो. वडिलांचा हिशेब ठरलेला होता : रोज 2,500 चेंडू म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख, आणि इतके चेंडू मारणाऱ्या मुलाला कोणीही हरवू शकणार नाही. पहाटे मुलांना उठवून क्रिकेट अकादमीत सोडणाऱ्या प्रत्येक पालकाने एवढी पाने तरी अवश्य वाचावीत.

पुढे 1990 च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात डोक्यावरचा केसांचा टोप निसटू नये म्हणून त्याने मनातल्या मनात केलेली प्रार्थना, 1997 मध्ये 141 व्या क्रमांकापर्यंत झालेली घसरण, अमली पदार्थाचे सेवन आणि ते लपवण्यासाठी सांगितलेले खोटे हे सारे तो आडपडदा न ठेवता सांगतो. 1999 मध्ये त्याने फ्रेंच ओपन जिंकली. नावडत्या खेळाकडे तो या वेळी आपल्या मर्जीने परतलेला होता, म्हणून तो विजय मला त्याच्या बाकीच्या सर्व विजयांहून मोठा वाटतो.

नायकी कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांचे 'शू डॉग' (2016) याच्या अगदी उलट आहे. नाइट धावपटू होते. घरोघरी जाऊन ज्ञानकोश विकणे त्यांना जमले नव्हते, पण धावण्याच्या शर्यतींच्या ठिकाणी जाऊन मोटारीच्या डिकीतून बूट विकणे मात्र सहज जमले, कारण धावण्यावर त्यांची श्रद्धा होती. 1962 साली जपानमधील कोबे शहरात ओनित्सुका कंपनीच्या बैठकीत तुमच्या कंपनीचे नाव काय, असे विचारल्यावर अस्तित्वातच नसलेल्या 'ब्लू रिबन'चे नाव त्यांनी जागच्या जागी सांगितले. 1964 मध्ये त्यांनी आपले प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्यासह प्रत्येकी 500 डॉलर घालून भागीदारी सुरू केली. आज जगभर ओळखले जाणारे बोधचिन्ह 1971 साली एका विद्यार्थिनीने 35 डॉलरमध्ये काढून दिले आणि नाइट यांना ते सुरुवातीला फारसे आवडलेही नव्हते. विक्री वाढत असूनही हातात रोकड नसणे आणि बँकेने हात आखडता घेणे ही धंद्यातली खरी ओढाताण मी इतक्या जिवंतपणे क्वचितच वाचली आहे. कंपनीचे समभाग बाजारात आले त्या 1980 सालाशी मुख्य कथन थांबते, आणि ते योग्यच आहे.

या दोन्ही पुस्तकांच्या लेखनाला जे. आर. मोरिंगर या पत्रकाराचा हात लागलेला आहे, पण मुखपृष्ठावर त्यांचे नाव नाही. दुसऱ्याचे जगणे वाचकापर्यंत नेऊन पोचवायचे आणि आपण मागे राहायचे, हे त्यांचे काम मनात घोळत असतानाच मी डॉ. श्रीराम लागू यांचे 'लमाण' हाती घेतले.

लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते गावोगाव नेणारा. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेणारा नट हा तसाच एक वाहक आहे, असे डॉ. लागू मानतात. त्यांनी पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतले, कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया केली, आफ्रिकेतल्या टाबोरा गावी व्यवसाय केला आणि 1969 मध्ये, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, जम बसलेला पेशा सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पुढच्याच वर्षी, 1970 च्या डिसेंबरात, वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले. त्यातले अप्पासाहेब बेलवलकर अनेकांच्या मनात कायमचे वस्तीला आहेत, पण हे पुस्तक आपल्याला त्या भूमिकेमागच्या माणसाजवळ नेते. स्वतःचे कौतुक टाळून कामाचे बारकावे तपासणारी अशी भाषा मराठी आत्मचरित्रांत फार थोडी आढळते.

तीनपैकी एकच वाचायला वेळ असेल तर 'लमाण' घ्यावे. पॉप्युलर प्रकाशनाची माझी प्रत पेन्सिलच्या खुणांनी भरली आहे, आणि त्यातल्या बहुतेक खुणा वैद्यकी सोडण्याच्या निर्णयाभोवतीच्या पानांवर आहेत.