पावसाच्या वेळापत्रकावर चालणारा कारखाना

आज आम्ही लाकडी चॉपिंग बोर्ड करतो, पण आमचा धंदा मुळात पोळपाटांचा. गोव्यात डिचोलीला वडिलांच्या हाताखाली मेस्त, म्हणजे सुतार, काम करायचे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर चौरंग आणि पाट, एरवी पोळपाट-लाटणी, आणि उरलासुरला माल म्हापशाला मिलाग्रीस फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात. चॉपिंग बोर्ड आमच्या घरात कोणी वापरलेला नव्हता. भाजी, मासळी सगळं विळीवर. पहिली मागणी आसगावच्या एका रेस्टॉरंटची आली. चीज आणि चोरीस (गोव्याचे सॉसेज) मांडून द्यायला लाकडी फळ्या हव्या होत्या. वडील म्हणाले, "पोळपाटाचे पाय काढ, झालं." पहिल्या फळ्या साधारण तशाच झाल्या, आणि खपल्याही.

मग घरगुती गिऱ्हाईक आलं, गोव्याबाहेरच्या ऑर्डर सुरू झाल्या, आणि खरा विषय समोर आला. ओलावा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. भर पावसाळ्यात उघड्यावरचं लाकूड १६ ते १८ टक्के ओलावा धरून बसतं. तेच लाकूड दिल्लीच्या थंडीत, नाहीतर चोवीस तास एसी चालणाऱ्या हॉटेलात गेलं की ८ टक्क्यांच्या आसपास येतं आणि आडव्या अंगाने आखडतं. फूटभर रुंदीची सागाची फळी तीन-चार मिलिमीटर सहज कमी होते. लांबीत मात्र जवळपास फरक पडत नाही. म्हणून आडवी पट्टी गच्च चिकटवलेली फळी फाटते, आणि 'मजबुतीसाठी' तशी पट्टी मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

लाकूड बहुतेक फणसाचं. भाटातला (बागायतीतला) जुना फणस काढायचा तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. मालकाकडे कागद असल्याशिवाय आम्ही सौदा करत नाही, मग लाकूड कितीही देखणं असो. चिरून आल्यावर फळ्यांची टोकं मेणाने बंद करतो, मध्ये पट्ट्या घालून चळत रचतो. इंचभर जाडीला एक वर्ष सुकवणी हा जुना हिशोब आमच्या हवेत कमीच पडतो. त्यामुळे शेवटची सुकवणी बंद खोलीत, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावून. ओलावा मोजायच्या मीटरवर १० टक्के दिसल्याशिवाय रंधा चालवायचा नाही. भांडवल अडकतं ते इथे. यंत्रांना कर्ज मिळतं. शेडमध्ये नुसतं पडून असलेल्या लाकडाला कोण देणार?

साग घेतो तो जुन्या घरांच्या वाशांचा. त्यात खिळे असतात, म्हणून आधी मेटल डिटेक्टर फिरवावा लागतो, आणि सागातल्या सिलिकामुळे पात्यांची धार लवकर जाते. शिवाय तो तेलकट; गोंद लावण्याच्या जरा आधी ॲसिटोनने पुसला नाही तर सांधा धरत नाही. आंब्याला कीड फार. काजरा आणि बिब्बा ही विषारी झाडं; फुकट मिळाली तरी त्यांचं लाकूड ताटाखाली जाणार नाही.

फिनिशिंगवर मी जरा हट्टी आहे. ८०, १२०, १८०, २२० अशा क्रमाने पॉलिश पेपर. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. मग फळी ओल्या कपड्याने पुसून सुकू द्यायची. लाकडाची लव उभी राहते, ती पुन्हा २२० ने उतरवायची. हे इथेच केलं नाही तर गिऱ्हाइकाच्या पहिल्या धुण्यात फळी खरखरीत होते. फणस पहिल्या पाण्याला पिवळा रंगही सोडतो (त्याच्या लाकडाने बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवत), तोही या पुसण्यात बराच निघून जातो. एक फायदा आहे: हळदीचा डाग फणसावर कळतच नाही.

नंतर फूड ग्रेड मिनरल ऑइल, कोमट करून, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. रात्रभर मुरू द्यायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. शेवटी एक भाग मधमाशांचं मेण आणि चार भाग तेल यांचा हात. घरचं खोबरेल चालेल का, असं गोव्यातला प्रत्येक दुसरा माणूस विचारतो. चालतं, पण कालांतराने खवट वास धरतं. हॉटेलवाल्यांना चकचकीत लॅकर हवा असतो. सुरीने तो थर कापला गेला की खाली पाणी शिरतं आणि पापुद्रे सुटतात. तेलाची चमक कमी, पण ती घरी पुन्हा आणता येते. या मुद्द्यावर एक मोठी ऑर्डर आम्ही सोडली.

आता जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरगावच्या ऑर्डरसाठी चिकटवण्याचं काम फक्त सुकवणीच्या खोलीत होतं. चवथीला मेस्त आठवडाभर घरी असतात, तेव्हा तेही बंद. वापरलेली फळी परत आणली तर घासून, तेल लावून देतो, पण मे महिना सोडून. तेव्हा पावसाआधी लाकूड आत घेण्याची धांदल असते.

सध्या माट्टीचे (ऐनाच्या लाकडाचे) ठोकळे करून बघतोय, लाकडाचं टोक वर येईल असे जोडून. सुरी तंतूंच्या मध्ये शिरते, त्यामुळे धार टिकते आणि चरे कमी दिसतात. तेल मात्र ते भरपूर पितात, आणि वजन इतकं की कुरियरचा खर्च बघूनच किंमत ठरवावी लागेल.