ई-ऑफिस सुरू करताना आम्ही अडकलो ते कर्मचाऱ्यांच्या यादीत

आमच्या जिल्हा परिषदेत ई-ऑफिस सुरू होऊन बराच काळ लोटला, तरी 'कर्मचारी माहिती' नावाची एक्सेल शीट समोर आली की माझं डोकं अजून तापतं. मी तेव्हा सामान्य प्रशासन विभागात होते आणि नोडल अधिकारी, म्हणजे या कामाची समन्वयक, म्हणून आदेशात माझं नाव पडलं. आता दुसऱ्या जिल्ह्यांत ज्यांच्याकडे हे काम आलंय त्यांचे फोन येतात. सगळे स्कॅनर कोणता घेतला, इंटरनेटचा वेग किती लागतो, हेच विचारतात. यादीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं, म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ई-ऑफिस ही एनआयसीने (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) बनवलेली, सरकारी फाईली संगणकावर चालवायची प्रणाली आणि तिचा गाभा म्हणजे ई-फाईल. रचना आपल्या कागदी फाईलसारखीच: एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणी हिरव्या पानावर लिहायची. एकदा पुढे पाठवली की त्यात खाडाखोड नाही. कच्चं लिहून बघायला पिवळं पान आहे. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टपालाच्या शाखेत, आलेलं पत्र स्कॅन होतं, त्याला क्रमांक पडतो, ते टेबलावर जातं, तिथून फाईलला लागतं आणि फाईल वर चढते. कधी कुणाकडून कुणाकडे गेली हे तारीखवेळेसह नोंदलं जातं. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली आणि फाईली जळाल्या, तेव्हापासून राज्यात हे काम संगणकावर घ्यायला जोर आला. मला स्वतःला ही प्रणाली मनापासून आवडते. फाईल सापडत नाही म्हणून माणसं तालुक्याहून हेलपाटे घालताना मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

प्रशिक्षण नीट झालं. संगणक मिळाले. नेटवर्कची तार ओढून झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग यादी आली. प्रणालीत माणूस घालायचा तर त्याचं नाव, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, मोबाइल, सरकारी ईमेल, पदनाम, शाखा आणि त्याचा वरिष्ठ कोण, एवढं लागतं. शेवटचे तीन रकाने महत्त्वाचे, कारण ई-फाईलमध्ये फाईल पदाकडे असते, माणसाकडे नाही. साहेब बदलले तरी फाईल त्या खुर्चीपाशीच राहते. पण त्यासाठी खुर्च्या आधी मांडायला लागतात. कुठली खुर्ची कुणाच्या हाताखाली, हे एकदा लिहून द्यावं लागतं.

आम्ही रीतसर आस्थापना शाखेकडे, म्हणजे नेमणुका आणि बदल्या सांभाळणाऱ्या शाखेकडे, यादी मागितली. त्यांनी मंजूर पदांचा तक्ता दिला. तो बिंदुनामावलीला (पदांच्या आरक्षणाच्या नोंदवहीला) चालेल, पगाराला चालेल, पण त्यावरून आमच्या कार्यालयात फाईल हलत नाही. तक्त्यात ज्या शाखेत चार कनिष्ठ सहायक होते तिथे प्रत्यक्षात दोन होते. त्यातला एक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे. एका कक्ष अधिकाऱ्याकडे तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार. आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'कामगिरीवर' असलेली माणसं. पगार तालुक्याच्या पंचायत समितीतून निघतो, माणूस बसतो मुख्यालयात, आणि विभागाचं निम्मं काम तोच ओढतो. कागदावर तो तालुक्यात आहे. कामगिऱ्या रद्द करा अशा सूचना वरून येत असल्यामुळे हे लिहून द्यायला कुणी तयार होईना.

"मॅडम, तो इथे काम करतो हे मी सहीनिशी कसं लिहून देऊ? उद्या लेखापरीक्षणात मलाच विचारतील," आस्थापनेच्या भाऊसाहेबांनी मला सांगितलं. त्यांचं भय खरं होतं हे मला कळतं. पण त्यामुळे आमची यादी शाखेतून अधीक्षकांकडे, अधीक्षकांकडून परत शाखेकडे अशी फिरत राहिली आणि प्रत्येक फेरीत एखादा नवा रकाना वाढून आला. 'नमुना योग्य नाही' असा शेरा मारून परत आलेली शीट मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात कुठला नमुना योग्य हे लिहिलेलं नव्हतं. मी स्मरणपत्रं काढली. स्मरणपत्राला उत्तर म्हणून 'माहिती संकलनाचे काम सुरू आहे' असं पत्र यायचं. फायलींचा प्रवास कमी व्हावा म्हणून आणलेल्या कामासाठी माझी स्वतःची फाईल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हिंडत होती, आणि तिच्यामागे मी.

त्यातच मे उजाडला. जिल्हा परिषदेत मे म्हणजे बदल्या. बदल्यांचं समुपदेशन (कर्मचाऱ्यांना समोर बोलावून जागा निवडायला देणं) झालं आणि कशीबशी जमवलेली अर्धी यादी पुन्हा कोरी झाली. त्या संध्याकाळी मी शीट बंद केली आणि ठरवलं की आस्थापनेला आता विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बारनिशीत जाऊन बसले. तिथल्या ताईंना कुठलं पत्र कुणाच्या टेबलावर जातं हे पाठ होतं. मंजूर पद, मूळ नेमणूक यांच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पाणीपुरवठ्याची तक्रार आली तर ती कोण हातात घेतो, एवढं त्या बघतात. त्यांची आवक नोंदवही उघडली आणि 'कोणाकडे दिले' या रकान्यावरून एकेक विभाग लिहून काढला. बांधकाम, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत, महिला व बालकल्याण. आमच्या खऱ्या कार्यालयाचा नकाशा त्या नोंदवहीत तयारच होता. मग प्रत्येक खातेप्रमुखाकडे ती यादी घेऊन गेले आणि त्यांच्याच सहीने कार्यवाटपाचा आदेश काढायला सांगितला. कार्यवाटप म्हणजे कुठला विषय कोण हाताळतो, एवढंच. त्यात पदस्थापनेचा शब्दही नव्हता, त्यामुळे आस्थापनेला काही प्रमाणित करायचं उरलं नाही आणि कामगिरीवरच्या माणसालाही टेबल मिळालं. सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) साहेबांनी सगळे आदेश एकत्र करून एकाच टिपणीवर सही केली. इतका काळ जे हललं नव्हतं ते पटापट सुटलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. तुमच्याकडे काम सुरू होत असेल तर सुरुवातच बारनिशीतून करा, आस्थापनेकडे नंतर जा.

मोबाइल नंबरचंही बघा. सरकारी ईमेलच्या लॉगिनला मोबाइलवर ओटीपी लागतो. आमच्याकडे काहींनी मुलाचा नंबर दिला होता आणि मुलगा पुण्यात शिकायला. सकाळी साडेदहाला लॉगिन करायचं तर आधी त्याला फोन. नंबर स्वतःचा, स्वतःच्या खिशातल्या फोनचा, हे नोंद घेतानाच विचारून घ्या.

नंतर वाचनात आलं की १९८८मध्ये जोनाथन ग्रुडिन नावाच्या संशोधकाने अशा सामूहिक कामाच्या प्रणाल्या का फसतात याची कारणं मांडली होती. त्यातलं एक असं की जादा काम एकाच्या माथी येतं आणि फायदा दुसऱ्याला मिळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबांना फाईल दौऱ्यावरही बघता येऊ लागली. बारनिशीतल्या ताईंना मात्र पूर्वी नुसता शिक्का आणि नोंद पुरायची. आता स्टेपल काढा, कागद सरळ करा, स्कॅन करा, विषय टाइप करा. त्यांच्याकडे एकच साधा स्कॅनर होता, ज्यात पान एकेक ठेवावं लागतं. दुपारपर्यंत टपालाचा ढीग टेबलाच्या वर जायचा. मी भांडून त्यांना फीडर असलेला, म्हणजे पानांचा गठ्ठा आपोआप ओढणारा, स्कॅनर आणि जोडीला एक माणूस मिळवून दिला. सगळ्यात चांगलं यंत्र सीईओंच्या दालनात ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. ते आधी बारनिशीला द्या. काळापांढरा, २०० डीपीआय (इंचाला ठिपके) स्कॅन पुरतो. रंगीत केलात तर पीडीएफ फुगते आणि वर चढत नाही.

जुन्या फाईली सगळ्या स्कॅन करायचा मोह आवरा. चालू विषयाच्या तेवढ्याच घ्या. बाकीच्यांचं किती काळ जपायच्या त्यानुसार अ, ब, क, ड वर्गीकरण करून अभिलेख कक्षात पाठवा. एका विभागाने कपाटंच्या कपाटं स्कॅनिंगला काढली आणि त्यात चालू टपाल मागे पडलं.

टायपिंगचा मुद्दा राहिलाच. आमच्या वरिष्ठ सहायकांचे हात रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर) बसलेले, आणि जुने मसुदे युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तिथून मजकूर उचलून हिरव्या टिपणीत टाकला की नुसती चिन्हं उमटतात. नेहमी लागणारे मसुदे आधीच युनिकोडमध्ये करून प्रत्येक शाखेला द्या, आणि युनिकोडमध्येही रेमिंग्टनचा कळफलक चालतो हे त्यांना बसून दाखवा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट हा नवा कळफलक शिक म्हणणं मला बरोबर वाटत नाही. कळफलक जुनाच ठेवल्यावर त्यांनीच सगळ्यात सुबक टिपण्या लिहिल्या.

डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण, त्यावरून सही होते) साहेबांच्या स्वतःच्या ताब्यात हवं. ते स्वीय सहायकाच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन चिठ्ठीवर, हे मी दोनतीन दालनांत पाहिलं आणि तिथल्या तिथे बोलले. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००नुसार ती सही कागदावरच्या सहीइतकीच बांधते. मसुदा कुणी का लिहीना, सही ज्याची त्यानेच करायची.

आणि कागद बंद व्हायची तारीख जाहीर करा. आमच्याकडे सुरुवातीला दोन्ही चालू होतं, त्यामुळे तातडीची म्हणून प्रत्येक फाईल कागदावरच यायची. सीईओ साहेबांनी एका सोमवारपासून कागदी फाईल दालनात घ्यायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. पहिल्या आठवड्यात खूप कुरकुर झाली, शिपाई फाईली घेऊन दारातून परत गेले. पुढच्या आठवड्यात सगळे लॉगिन करू लागले.

यादी आता ताजी राहते ती एका साध्या ओळीमुळे. कार्यमुक्तीच्या प्रत्येक आदेशाखाली 'प्रत: नोडल अधिकारी, ई-ऑफिस' असं आम्ही घालून घेतलं. माणूस ज्या दिवशी सुटतो त्याच दिवशी त्याचं पद मोकळं करून नव्या माणसाला जोडतो, आणि त्याच्या इनबॉक्समध्ये काही पडून आहे का ते बघूनच ना-देय दाखल्यावर (काही बाकी नाही अशा दाखल्यावर) सही करतो. ही ओळ आस्थापनेच्या छापील नमुन्यातच घालून घ्या, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच शीट उघडायला लागेल.