कपावरची चांदणी, बदामांची माळ आणि एक झाड

सणाला घरी माणसं येणार असतील तर कॉफीवर ते प्रसिद्ध पान काढायला जाऊ नका. हे आधीच सांगते, कारण लाटे आर्ट, म्हणजे कॉफीवर दुधाच्या फेसाने नक्षी काढणं, म्हटलं की जो तो तिथूनच सुरुवात करतो. एकात एक शिरलेल्या पात्यांचं ते पान, म्हणजे रोझेटा, दिसतं फार देखणं. पण ते एका दमात ओतावं लागतं आणि बिघडलं तर दुरुस्त करता येत नाही. बाहेर आठ-दहा माणसं बसलेली असताना त्यासाठी लागणारी निवांत मनःस्थिती कुठून आणायची? सणाच्या कपावर मला असं काहीतरी हवं असतं, की बघणाऱ्याच्या तोंडून सहज ‘अरे वा’ निघावं आणि कॉफीही गरम राहावी. ही दुसरी अट आमच्या आईची आहे. तिला कॉफी वाफाळतीच लागते. वर नक्षी कितीही सुंदर असली तरी कप कोमट लागला की ती बाजूला ठेवते. मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं. शेवटी ती कॉफी आहे, प्यायची वस्तू आहे.

म्हणून मी नक्षी निवडताना एकच प्रश्न विचारते: ओतल्यापासून पहिल्या घोटापर्यंत किती वेळ जाणार? चांगला फेटलेला फेससुद्धा भांड्यात ठेवला तर अर्ध्या मिनिटात वर-खाली वेगळा व्हायला लागतो, वर घट्ट थर आणि खाली पातळ दूध. म्हणजे जी नक्षी मिनिटाभरात होत नाही, ती घरी करण्यात अर्थ नाही. फेसाचे उभे प्राणी वगैरे लोक करतात, ते बघायला मलाही आवडतं, पण घरच्या पाहुण्यांना मी ते देणार नाही.

आता दूध. खरं काम इथे आहे. दुधात हवा शिरली की त्यातली प्रथिनं प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात, आणि तो पापुद्रा टिकला तरच फेस टिकतो. दूध ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. या टप्प्यात ते गोडही लागतं आणि फेसही मऊ राहतो. ७० च्या पुढे गेलं की काही प्रथिनं उलगडून एकमेकांना चिकटायला लागतात, दुधाला उकळल्याचा वास येतो आणि फेस कोरडा, भुसभुशीत होतो. थर्मामीटर नसेल तर स्टीलच्या भांड्याला बाहेरून तळहात लावा. हात दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नाही, तिथे थांबायचं. आईच्या कपासाठी मी दूध ६५ ला नेते आणि कप आधी उकळत्या पाण्याने भरून ठेवते. गार कप किती उष्णता ओढून घेतो हे एकदा मोजून बघण्यासारखं आहे.

दूध ताजं हवं, आणि तापवायला घेताना फ्रिजमधलं गार. कॉफी मशीनच्या वाफेच्या नळीने फेटणार असाल तर गार दुधाला तापायला वेळ लागतो, म्हणून हवा भरायला सवड मिळते. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाचा फेस जिभेवर मऊ लागतो. मलई काढलेल्या दुधाचा फेस चटकन आणि भरपूर येतो, पण तो ताठ असतो, वाहत नाही. घरी तापवून ठेवलेलं दूध वापरायचं असेल तर साय पूर्ण काढून, बारीक गाळणीतून गाळून, गार करून घ्या. सायीचा एक तुकडा जरी आत राहिला तरी नेमका नक्षीच्या मधोमध येतो. आणि फ्रिजमध्ये बरेच दिवस पडून असलेलं दूध नकोच. त्यातल्या मेदाचं विघटन होऊन सुटी मेदाम्लं तयार होतात आणि ती बुडबुड्यांचे पापुद्रे फोडतात. कितीही फेटा, फेस बसतोच.

माझ्याकडे वाफेचं मशीन नाही. मी फ्रेंच प्रेस वापरते, तोच, कॉफी करायचा दट्ट्याचा काचेचा जार. गरम दूध त्यात एक तृतीयांशापर्यंत घ्यायचं, जाळी दुधाच्या पृष्ठभागाच्या जरा वर-खाली होईल अशी पंधरा-वीस वेळा भराभर हलवायची, मग जाळी दुधातच बुडवून ठेवून आणखी थोडं हलवायचं. पहिल्या भागात हवा आत जाते, दुसऱ्या भागात मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. लोक पहिल्या भागावरच खूश होऊन थांबतात. नंतर दूध चोचीच्या भांड्यात काढून ते ओट्यावर हलकेच आपटायचं आणि गोल गोल फिरवत राहायचं. पृष्ठभागावर एकही बुडबुडा वेगळा दिसत नाही आणि ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी येते, तेव्हा दूध तयार झालं. त्या चकाकीची सवय डोळ्यांना व्हायला हवी. ती आली नसेल तर ओतूच नका, परत फिरवा. सेलवर चालणारी छोटी फेटणी असेल तर तीही चालते, फक्त ती पृष्ठभागावर फार वेळ धरली की फेस जाडसर होतो.

सराव करायचा असेल तर दूध वाया घालवू नका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून तेच फेटा. फेस कधी जाड होतो, कधी चकाकतो, हे सगळं त्यात कळतं. नंतर भांडं मात्र चांगलं विसळून घ्यायचं.

दुधाखाली तपकिरी रंग हवा, नाहीतर पांढरं दिसणार कशावर? एस्प्रेसोवर, म्हणजे मशीनमध्ये दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीवर, येणारा तो सोनेरी थर, क्रेमा, हा दाबाचा खेळ आहे. सुमारे ९ बार दाबाने पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून गेलं की कॉफीतली तेलं आणि कार्बन डायऑक्साइड मिळून तो थर तयार होतो. इटलीत आकिले गाजियाची तरफेची मशीन १९४८ मध्ये बाजारात आली आणि क्रेमा लोकांच्या ओळखीचा झाला. त्याच्या पृष्ठभागावर दुधाने चित्रं काढण्याची कला मात्र बरीच नंतरची. अमेरिकेत सिएटलच्या डेव्हिड शोमर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून ती लोकप्रिय केली, इटलीत लुइजी लुपी यांनी. २००५ पासून तिची जागतिक स्पर्धाही होते.

मोका पॉटमध्ये, म्हणजे गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या छोट्या भांड्यात, दाब जेमतेम एक-दीड बार, त्यामुळे क्रेमा जवळजवळ नाहीच. त्यावर उपाय सोपा आहे. कपात कॉफी ओतली की चहाच्या गाळणीतून चिमूटभर कोको पावडर तिच्यावर भुरभुरायची आणि मग दूध ओतायचं. कोको वर तरंगत राहतो, कडा गडद होतात आणि पांढरं उठून दिसतं. इन्स्टंट कॉफी असेल तर दोन चमचे पावडर ४० मिलिलिटर गरम पाण्यात खळखळून ढवळा, वर तपकिरी फेस येतो, तेवढा पुरतो. २०० मिलिलिटरच्या कपाला एवढी कॉफी आणि फेटण्याआधी मोजलेलं साधारण १२० मिलिलिटर दूध, हे माझं प्रमाण. कप तळाशी गोलसर आणि तोंडाशी रुंद घ्या. उंच सरळ मगमध्ये नक्षीला जागाच मिळत नाही.

सणासाठी माझी सगळ्यात आवडती नक्षी म्हणजे बदामांची माळ. कपाच्या कडेने आतून फिरणारी, एकमेकांत गुंफलेल्या छोट्या बदामांची, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, गोल माळ. दिसायला अवघड, करायला अगदी सोपी. कप थोडा तिरका धरून दूध उंचावरून, बारीक धारेने ओतायचं, आणि भांड्याच्या चोचीशी चमचा धरून फेस मागे अडवायचा. उंचावरून पडणारं दूध कॉफीच्या खाली शिरतं, म्हणून वरचा पृष्ठभाग तपकिरीच राहतो. कप जवळजवळ भरला की थांबायचं. आता अडवलेला फेस छोट्या चमच्याच्या टोकावर घेऊन कडेपासून एक सेंटिमीटर आत थेंब ठेवत जायचे, प्रत्येक थेंब अर्धा सेंटिमीटर रुंद, मध्ये तेवढीच जागा. थेंब टाकायचा नाही, चमचा पृष्ठभागाला टेकवून ठेवायचा. मग कोरडी टूथपिक पहिल्या थेंबाच्या मागे टोचायची आणि सगळ्या थेंबांच्या पोटातून, न उचलता, एकाच फेरीत ओढत न्यायची. टूथपिक आत शिरते तिथे थेंबाला खाच पडते, बाहेर पडते तिथे टोक येतं, आणि प्रत्येक थेंबाचा बदाम होतो. एकाचं टोक पुढच्याच्या खाचेकडे जातं, म्हणून माळ गुंफल्यासारखी दिसते. हात फिरवू नका, डाव्या हाताने कप फिरवा. उजवा हात जागेवर स्थिर राहिला की गोल आपोआप नीट येतो. थेंब लहान-मोठे झाले तरी बिघडत नाही, उलट माळ जास्त जिवंत वाटते.

चांदणी अशीच ओढून काढायची. या वेळी फेस अडवायचा नाही. कप अर्ध्यापेक्षा जास्त भरला की भांड्याची चोच पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणून मधोमध जरा जोरात ओतायचं, तीनेक सेंटिमीटरचं पांढरं वर्तुळ उमटतं. टूथपिकने मध्यापासून बाहेर आठ दिशांना रेघा ओढल्या की किरणं येतात. त्यांच्या मधल्या जागांतून बाहेरून आत ओढलं की पाकळ्या पडतात आणि चांदणीचं फूल होतं. प्रत्येक ओढीनंतर टूथपिक फडक्याला पुसायचीच. न पुसता काढलेल्या रेघा मळकट दिसतात.

झाड ज्यांना ओतूनच करायचं असेल त्यांच्यासाठी: ते म्हणजे रोझेटाच. चोच जवळ आणून मनगट डावीकडे-उजवीकडे झुलवत मागे मागे सरकायचं, मागे जाताना झुलणं कमी कमी करायचं, शेवटी भांडं उचलून बारीक धारेने मधून सरळ पुढे यायचं. मागे सरकताना शेवटी पडलेली सगळ्यात लहान पाती हा शेंडा. त्यावर टूथपिकने फेसाचा एक ठिपका ठेवला की शेंड्यावर तारा आला. मी हे एकट्यासाठी करते, निवांत सकाळी.

आईच्या कपाला वेळच द्यायचा नसतो, म्हणून तिथे छापा, म्हणजे आकार कापलेला पातळ तुकडा, ज्यातून वरून पावडर भुरभुरायची. आमची भाची हे छापे करते, डब्यांच्या पातळ प्लास्टिक झाकणांतून, कागद कापायच्या कटरने. कागदाचे छापे वाफेने लगेच ओलसर होऊन मध्ये लोंबतात, प्लास्टिकचे राहतात आणि धुऊन परत वापरता येतात. मी एकदा तिला फार नाजूक चांदणी काढून दिली होती, तर म्हणाली, “मावशी, टोकं एवढी बारीक नको, तिथून पावडर पडत नाही.” बरोबर होतं तिचं. आता ती टोकं जाड आणि कोपरे गोलसर ठेवते. कपावर फेस जरा जास्त घ्यायचा, छापा त्याच्या एक सेंटिमीटर वर धरायचा, टेकवायचा नाही, आणि गाळणीला बोटाने दोनदा टिचकी मारायची. पाच सेकंदांत काम होतं आणि कप वाफाळताच जातो. पावडर कोकोचीच घ्या. त्यात मेद असल्यामुळे ती फेसावर लगेच भिजत नाही. पिठीसाखर पांढऱ्यावर दिसतही नाही आणि बघता बघता विरघळते.

रंगांच्या बाबतीत माझा हात आखडता आहे. दूध आणि कॉफी यांच्यात जेवढ्या छटा आहेत तेवढ्या मला पुरतात. तरी सणाला भाचीचा आग्रह असतो, म्हणून एका चमचा फेसात चिमूटभर बीटची पावडर मिसळते आणि माळेतला एखादाच बदाम गुलाबी करते. आंबट फळांच्या पावडरी मात्र टाळा. दुधातलं केसीन हे प्रथिन पीएच ४.६ च्या आसपास फाटतं आणि कॉफी मुळातच आम्लधर्मी, साधारण ५ पीएचची. त्यात आणखी आंबट पडलं की फेसात कण दिसायला लागतात. सोयाच्या दुधाचं तर कॉफीत एरवीही तसं होतं, म्हणून ते फार तापवू नये. वनस्पतिजन्य दूधच हवं असेल तर ओट्सचं, कॉफीसाठी म्हणून मिळणारं, घ्या. नक्षी त्यावर चांगली धरते.

माणसं जास्त असली की एका वेळी दोनच कपांचं दूध फेटते. जास्त फेटलं तर तिसऱ्या कपापर्यंत फेस वेगळा होतो आणि पहिल्या दोघांना पांढरं डोकं, तिसऱ्याला नुसतं दूध असं वाटप होतं. कॉफी सगळ्यांची एकदम करून ठेवायला हरकत नाही, झाकून. क्रम असा: माळा आधी, चांदण्या नंतर, छाप्याचे कप सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळे एकदमच बाहेर जातात आणि आईचा सगळ्यात गरम असतो.

आणि फ्रेंच प्रेस तेव्हाच्या तेव्हा उघडून धुवा, जाळी वेगळी करून, आधी गार पाण्याने, मग साबणाने. जाळीत अडकलेल्या दुधाची मेदाची फिल्म राहिली तर पुढच्या खेपेचा फेस त्यामुळेच बसतो, आणि आपण उगाच दुधाला दोष देत राहतो.