तुम्ही विचारलंत म्हणून: घरात दुखणं असताना देवळात जाववतं कसं?

“घरचं माणूस इतकं सोसतंय, तरी तुमचा विश्वास टिकतो कसा?” पुण्यात पंचहौद चर्चच्या आवारात विचारतात, वानवडीतल्या शेजारणी विचारतात. निम्म्यांना उत्तर हवं असतं, निम्म्यांना कबुली. दोघांसाठी लिहिते.

“देवाची काहीतरी योजना असेल” असं मी म्हणणार नाही. बायबलच्या रोमकरांस पत्रातलं 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळ्यातून भलंच होतं म्हणणारं, मला मान्य आहे. पण तळमळणाऱ्या माणसाच्या उशाशी ते म्हणणारा बहुधा स्वतःचीच भीती शमवत असतो. बायबलमधला ईयोब सगळं गमावून आजारी पडला, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. त्या पुस्तकाच्या 42व्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावर. भांडणारा ईयोब बरोबर ठरतो.

मला जे काही उत्तर सापडतं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात, आणि ते तुम्हाला पटेलच असं नाही. लाजर आजारी पडला तेव्हा मार्था आणि मरीया या त्याच्या बहिणींनी येशूला निरोप धाडला. त्यात ‘या’ असंसुद्धा नव्हतं. तुमच्या लाडक्याला बरं नाही, एवढंच. पाचवं वचन सांगतं की येशूची या तिघांवर प्रीती होती. सहावं सांगतं की निरोप मिळाल्यावर तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. प्रवचनं घाईनं 43व्या वचनाकडे, मेलेल्या लाजराला कबरेतून बाहेर बोलावण्याकडे धावतात. दुखण्याचं घर मात्र या पाच आणि सहाच्या मधेच अडकलेलं असतं: बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, पांढऱ्या पेशी वाढेनात म्हणून केमो पुढे ढकललीय.

तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. मार्था त्याला वाटेतच गाठून म्हणते, प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीया येते, पायाशी पडते, आणि तेच वाक्य बोलते. चार दिवस त्या घरात दुसरं काय बोलणं झालं असणार! उशिराचं कारण त्यानं शिष्यांना सांगितलं होतं, बहिणींना सांगत नाही. मार्थेशी निदान पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेला तेवढंही नाही. कबर कुठे आहे विचारतो, आणि रडतो. जमलेल्यांतले काही म्हणतात, आंधळ्याचे डोळे उघडणाऱ्याला याचं मरण टाळता आलं नसतं का? तुमचा प्रश्न हाच ना? तो 37व्या वचनात आहे, शुभवर्तमानातच, आणि विचारणाऱ्यांना कुणी हाकललेलं नाही.

हो, लाजर उठला. आमचे उठत नाहीत, हे मला कळतं.

बाकी रोजचं. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत चारदा तोच सवाल, कोठवर? तेही खोटं वाटलं तर स्तोत्र 88. ते अंधारातच संपतं. देव सगळ्यातून राखेल म्हणणारं 91 जपून वापरा: व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे तेच पाठवतात, पण मत्तय 4 मध्ये येशूला मोहात पाडताना सैतानही त्यातलीच वचनं म्हणून दाखवतो. प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी, घरी मागवा. केमोनं तोंड आलं असेल तर द्राक्षारस झोंबतो. पाळकांना आधी सांगून नुसता भाकरीचा कण घ्यावा. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना सगळ्यांचा एक पेला नको, आणि खोकला असलेल्यांनी प्रार्थना आपल्या घरूनच करावी. याकोब 5:14 प्रमाणे तेल लावायला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं ते आजाऱ्यानं, त्याला हवं असेल तेव्हा. औषध बंद करा असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. “विश्वास कमी पडला” म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

आणि कृपा करून पंडिता रमाबाईंचं उदाहरण तोंडावर फेकू नका. पती 1882 मध्ये पटकीनं गेले, 1921 मध्ये लेक मनोरमा गेली, तरी केडगावात बायबलचं भाषांतर चालूच राहिलं, हे आम्हाला पाठ आहे. काम पुरं झालं म्हणून लेकीचं जाणं सोपं झालं, असं मला तरी दिसत नाही.

मग हा विश्वास की नुसती सवय? असेल सवय. रविवारी गाता येत नाही तेव्हा शेजारचे गातात, मी उभी राहते. दोन्ही वेगळं काढून दाखवा म्हणाल तर मला येत नाही.