गळतीचं पाणी गढूळ आहे का?

गेल्या पावसाळ्यात गावी गेले होते तेव्हा काका मला धरणाच्या पायथ्याला घेऊन गेला. छोटंसं मातीचं धरण आहे, पाण्याच्या बाजूला माती धुपू नये म्हणून रचलेले पिचिंगचे दगड आणि अलीकडच्या अंगाला गवत माजलेलं. एका ठिकाणी ओल होती, बारीक धार वाहत होती. काकाने खिशातून प्लास्टिकची बाटली काढली, धारेखाली भरली आणि उजेडाकडे धरून बघितली. म्हणाला, "स्वच्छ आहे तोवर ठीक. गढूळ यायला लागलं की समज, धरण आतून चाललंय."

मी सिव्हिल शिकलेय, कॉलेजात हेच "पायपिंग" म्हणून शिकवलं होतं. मातीचं धरण थोडंफार झिरपतंच, तो दोष नाही, पण पाणी मातीचे कण सोबत घेऊन बाहेर पडायला लागलं की आत पोकळ वाट तयार होते, ती वाट मागे मागे सरकत साठ्याच्या दिशेने जाते आणि एकदा का साठ्याला भिडली की मग हातात फार वेळ नसतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसेक माणसं गेली, घरंच्या घरं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले खेकड्यांनी बांध पोखरला, आणि त्यावर खूप गदारोळ झाला. प्राण्यांची बिळं मातीच्या धरणाला खरंच घातक असतात, तपासणी करताना ती शोधायचीच असतात. पण मग खेकड्यांचं नाव घेतल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो, की तो बांध शेवटचा कोणी चालून बघितला होता आणि काय लिहून ठेवलं होतं.

तिवरेचं धरण निदान आधी गळत तरी होतं, लोकांना दिसत तरी होतं. त्याच वर्षी २५ जानेवारीला ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योला जे झालं ते मला जास्त घाबरवतं. तिथे लोखंडाचं खनिज धुतल्यावर उरलेला बारीक गाळ, ज्याला टेलिंग्ज म्हणतात, तो बांध घालून साठवलेला होता. बांध ८६ मीटर उंच, १९७६ पासून टप्प्याटप्प्याने चढवलेला, आणि चढवताना प्रत्येक नवा थर आधी साठलेल्या गाळावरच बसवलेला. म्हणजे भिंतच गाळावर उभी. दुपारी साडेबाराच्या सुमारास अख्खी भिंत काही सेकंदांत वितळल्यासारखी खाली आली. २७० माणसं गेली. खाणीचं कॅन्टीन आणि ऑफिस बांधाच्या खालच्याच अंगाला होतं, जेवणाची वेळ होती, आणि भोंगा वाजलाच नाही.

गाळ एवढा अचानक पाण्यासारखा कसा होतो हे समजायचं असेल तर समुद्रावर ओल्या वाळूत उभं राहून पाय हलवत राहा. कडक वाटणारी वाळू ढिली पडते आणि पाय आत जातो. ओल्या कणांमधल्या पाण्यावर भार आला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते. धरणातल्या गाळाचंही तसंच, फक्त तिथे तुम्ही खाली राहत असता.

त्या बांधावर मोजणीची यंत्रं होती. नंतर तज्ज्ञांच्या समितीने सगळे आकडे तपासले तेव्हा फुटण्याआधी धोक्याची ठळक खूण कुठेच सापडली नाही. आणि आदल्या वर्षीच्या हिशोबात गाळ असा अचानक ढिला पडण्याविरुद्धचा सुरक्षा गुणांक १.०९ आला होता. म्हणजे बांधाची ताकद आणि त्याच्यावरचा भार जवळजवळ सारखे, तर साधारण अपेक्षा १.३ ची असते. तरीही बांध स्थिर असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

म्हणून मला वाटतं, आपण प्रश्नांचा क्रम चुकवतो. फुटेल का, याची शक्यता काढत बसतो, आणि ती कमी आली की फाईल बंद. आधी विचारायला हवं की फुटलंच तर खाली कोण आहे आणि त्यांना किती मिनिटं मिळतात. २०२० मध्ये टेलिंग्जसाठी आलेल्या जागतिक मानकात हेच आहे, बांध फुटल्यावर किती नुकसान होईल आणि त्याच्या तडाख्यात किती माणसं येतील यावरून त्याची श्रेणी ठरते. आपला २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पाण्याच्या मोठ्या धरणांसाठी आहे, आपत्कालीन आराखडाही त्यात सक्तीचा आहे. पण गोव्यात खनिज धुऊन उरलेल्या गाळाच्या तळ्यांचं काय, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावं.

मिनिटांचं मोल पुण्याला माहीत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पण जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरला म्हणून ते उजाडल्यावर फुटलं. तेवढ्या तासांनी किती जीव वाचवले असतील.

त्या संध्याकाळी काका आणि मी वहीत ओढ्याकाठची घरं लिहून काढली. अकरा झाली. प्रत्येक घरासमोर किती माणसं, फोन कोणाकडे, वरच्या शाळेपर्यंत चालत किती वेळ. शेवटच्या घरातल्या आजींना चालता येत नाही. काका म्हणाला, त्यांना उचलायला दोघं लागतील, आणि दोन नावं लिहिली. मग एक खोडलं, कारण तो मुलगा आता मुंबईला असतो.