तुम्ही विचारलंत म्हणून: कमी जेवलं की बाळंतपण सोपं जातं का?

"सिस्टर, जास्त जेवली तं लेकरू मोठं होते, मंग सिझर करा लागते. खरं हाय का?" हा प्रश्न बहुतेक वेळा काट्यावर चढलेल्या सुनेच्या मागे उभी असलेली सासू विचारते. तिला काळजीच असते, म्हणून मी नीट सांगत बसते.

गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढलं, तर त्यात बाळ जेमतेम तीन किलोचं. बाकी वार, गर्भजल, वाढलेली पिशवी, आईचं जास्तीचं रक्त आणि पुढे अंगावर पाजायला लागणारा साठा. पोटाला चिमटा घेतला की यातलं सगळंच घटतं. अडीच किलोच्या आतलं लेकरू लवकर गार पडतं, नीट ओढत नाही, जंतुसंसर्ग त्याला पटकन गाठतो. बाळंतपण अडतं ते बऱ्याचदा बाळ आडवं असल्याने किंवा आईचं कटीर, म्हणजे बाळ बाहेर यायची हाडांची वाट, अरुंद असल्याने. म्हणून तर 145 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या बाईवर आम्ही आधीपासून लक्ष ठेवतो.

पण मला जास्त सलतं ते वेगळंच. काट्यावर पहिल्यांदा उभी राहते तेव्हा तिला दिवस गेलेले असतात. उंची 150 सेंटीमीटर असेल, तर त्याआधीच तिचं वजन निदान 42 किलो हवं. आमच्याकडे कापूस वेचायला बाई सकाळी नुसता चहा पिऊन निघते. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे दुपारी धुऱ्यावर अर्धी भाकर न् ठेचा खाल्ला की लगेच उठते. तिच्या अंगावर साठा येणार कुठून? 42 किलोच्या आतल्या अशा बाईचं वजन गरोदरपणात खरं तर साडेबारा किलोहून जास्त वाढायला हवं.

आता उलटंही दिसतं. त्याच उंचीला दिवस जाण्याआधीच 56 किलोच्या वर वजन असलं, की साखर, बीपी, सिझर या सगळ्यांचा धोका वाढतो. तिला कमी वाढ पुरते, पण तिनेही उपास धरू नये. ग्लुकोज पाजून करतात ती साखरेची तपासणी मात्र चुकवू नये. आणि वजन एकदम चढलं, तोंड-हात सुजले, तर "खाणं अंगी लागलं" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी बीपी मोजून घ्या.

तेव्हा मावशी, नवी सून घरात आली की डोहाळे लागायची वाट पाहू नका. आधीच उपकेंद्रात आणा, वजन आणि हिमोग्लोबिन बघू. घरी भाकरीसोबत वाटीभर वरण, हिवाळ्यात सोल्याची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी, जमलं तर अंडं द्या, आणि तिला सगळ्यांसोबतच जेवायला बसवा.