तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं ठाऊक असताना तुम्ही स्वस्थ कशा राहता?

माझ्या छातीतली महाधमनी हृदयातून बाहेर पडल्यावर लगेचच्या भागात फुगलेली आहे, तिची रुंदी सध्या ४२ मिलिमीटर आहे आणि डॉक्टरांनी मला शस्त्रक्रिया न सुचवता देखरेखीखाली ठेवले आहे, एवढे सांगून होते न होते तोच समोरची व्यक्ती विचारते, ‘‘एवढं ठाऊक असताना तुम्ही स्वस्थ कशा राहता?’’ काही जण पुढे असेही विचारतात, की ऑपरेशन करून एकदाच्या मोकळ्या का होत नाही? दोन्ही प्रश्नांमागे आस्था असते आणि उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नेहमी स्वस्थ असते असे नाही. भीती आहे आणि ती पूर्णपणे जाईल अशी माझी अपेक्षाही नाही. पण ही भीती आकड्याला चिकटून बसते, हे मला हळूहळू दिसू लागले, आणि तो आकडा काय सांगतो व काय सांगू शकत नाही, हे जसजसे समजत गेले तसतशी ती आवाक्यात येत गेली.

महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाच्या लवचिक तंतूंचे थर असतात. प्रत्येक ठोक्याबरोबर ती थोडी ताणली जाते आणि पुन्हा आक्रसते, ती या तंतूंच्या जोरावर. शरीर हे इलॅस्टिन मुख्यतः आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात तयार करते, आणि नंतर तुटलेल्या तंतूंची भरपाई फारशी होत नाही. तंतू झिजले की भिंत पसरते, आणि वाहिनी जितकी रुंद होते तितका, रक्तदाब तोच असला तरी, तिच्या भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणूनच डॉक्टर रुंदी मोजत राहतात. उच्च रक्तदाब, धूम्रपान, वाढते वय, मार्फान सिंड्रोमसारखे आनुवंशिक विकार ही यामागची कारणे सर्वांना सांगितली जातात. माझ्या बाबतीत कारण जन्मजात आहे. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, माझ्या झडपेला दोनच आहेत. साधारण शंभरातल्या एकदोघांची झडप अशी असते आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची महाधमनी पुढे रुंदावते. मला कोणताही त्रास नव्हता. तपासताना डॉक्टरांना हृदयाच्या ठोक्यात एक जास्तीचा आवाज ऐकू आला, त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितले आणि त्यात हे दिसले. जोवर काही घडत नाही तोवर हा आजार बहुधा जाणवतच नाही, आणि त्याच्यासोबत राहण्यातली निम्मी अडचण हीच आहे. बरे वाटते आहे, यावरून काहीच अनुमान काढता येत नाही.

आता ऑपरेशनविषयी. छातीचे हाड मधोमध कापून, हृदय थांबवून, रक्ताभिसरण यंत्राकडे सोपवून, फुगलेला भाग काढायचा आणि त्या जागी डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी शिवायची, असे ते ऑपरेशन आहे. अनुभवी हातांत ते बरेच सुरक्षित झाले असले तरी त्यात मृत्यूची आणि पक्षाघाताची जोखीम असते. धमनी फुटण्याची किंवा चिरण्याची, म्हणजे तिच्या भिंतीचा आतला थर फाटण्याची, जोखीम या जोखमीपेक्षा मोठी होते तेव्हा ऑपरेशन करायचे, असा हा हिशोब आहे. छातीतल्या या भागासाठी तो टप्पा सर्वसाधारणपणे ५५ मिलिमीटर धरतात. मार्फानसारखा विकार असेल, घरात कोणाची धमनी चिरलेली असेल किंवा रुंदी झपाट्याने वाढत असेल तर त्याआधीच निर्णय घेतात. व्यक्तीची उंचीही विचारात घेतली जाते, कारण ठेंगण्या बाईची ४५ मिलिमीटर आणि धिप्पाड पुरुषाची ४५ मिलिमीटर यांचा अर्थ एक नसतो. माझी उंची कमी असल्यामुळे माझ्या सर्जननी हा भाग मला कागदावर आकडेमोड करून समजावला, आणि त्या दिवशी प्रथमच मला वाटले की ‘थांबू या’ हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

वाट पाहणे म्हणजे हयगय, ही समजूत मोडायला मला आणखी एका गोष्टीची मदत झाली. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यांबाबत ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ ते ५.५ सेंटिमीटरचा फुगवटा असलेल्या रुग्णांपैकी काहींचे लगेच ऑपरेशन करण्यात आले आणि काहींना नियमित सोनोग्राफीवर ठेवून फुगवटा वाढला तरच ऑपरेशन करण्यात आले. लवकर ऑपरेशन केलेले रुग्ण त्यामुळे जास्त जगले, असे आढळले नाही. माझा फुगवटा छातीत आहे, त्यामुळे तो निष्कर्ष मला जसाच्या तसा लागू होत नाही हे मी जाणते. पण नियमाने पाहत राहणे हाही उपचारच असू शकतो, एवढे त्यातून माझ्या मनाने घेतले.

यापुढचा भाग मी प्रत्येक नव्या रुग्णाला आवर्जून सांगते, कारण मला स्वतःला त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. इको करताना डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेल लावतात आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब दाबून धरतात. मान थोडी वळवली की पडदा दिसतो. करड्या रंगाच्या त्या हलत्या चित्रात योग्य क्षण सापडला की तपासणारी व्यक्ती चित्र थांबवते, धमनीच्या एका भिंतीवर अधिक-चिन्हासारखी (+) एक छोटी खूण ठेवते, दुसरी खूण समोरच्या भिंतीपर्यंत ओढत नेते, दोघींमध्ये ठिपक्यांची रेघ उमटते आणि कोपऱ्यात आकडा येतो. ती दुसरी खूण कुठे थांबवायची हे माणूस ठरवतो. भिंतीची कडा काही काजळाने आखलेली नसते. खूण केसभर इकडेतिकडे झाली, छेद किंचित तिरका गेला, ठोक्याचा वेगळा क्षण पकडला गेला, तर एकदोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सीटी, एमआरआय आणि इको यांचे आकडेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण एकात धमनीची भिंत धरून मोजतात तर दुसऱ्यात आतली पोकळी.

म्हणून एका रिपोर्टमध्ये ४२ आणि पुढच्यात ४४ आले तर धमनी वाढली असे लगेच म्हणता येत नाही. शक्यतो त्याच पद्धतीने, त्याच ठिकाणी तपासणी करावी, जुन्या तपासणीची सीडी सोबत न्यावी आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून एकाच डॉक्टरांनी एकाच जागी मोजावे, असा आग्रह रुग्णाने धरायला हवा. रिपोर्टचा कागद एकट्याने वाचून रात्र जागवण्यापेक्षा हा आग्रह कितीतरी उपयोगाचा आहे.

पण आकड्याकडून मिळणाऱ्या दिलाशालाही मर्यादा आहे, आणि तीही मी लपवणार नाही. महाधमनी चिरलेल्या रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीतली माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ ६० टक्के रुग्णांची धमनी ५५ मिलिमीटरपेक्षा कमी रुंद होती असे दिसले. काळजी करणाऱ्या माणसाने मध्यरात्री वाचावे असे हे वाक्य नाही. मी ते वाचले आणि नंतर बरेच दिवस ५५ हा आकडा मला फसवा वाटत राहिला. त्याचा अर्थ लावायला मला डॉक्टरांची मदत घ्यावी लागली. थोडी रुंद धमनी असलेली माणसे खूप रुंद धमनी असलेल्यांपेक्षा अनेक पटींनी जास्त आहेत, त्यामुळे प्रत्येकाची जोखीम अगदी लहान असली तरी एकूण घटनांमध्ये त्यांची संख्या मोठी दिसते. शिवाय त्यांतल्या बहुतेकांना आपली धमनी रुंद आहे हे ठाऊकच नसते, त्यांचा रक्तदाब कोणी सांभाळत नसते. मला ठाऊक आहे. ही माहिती मला भीती देते हे खरे, पण माझे संरक्षणही तीच करते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करणे मला अजूनही सोपे जात नाही.

सर्वांत जास्त दमवते ते छातीत दुखणे. जेवणानंतरची जळजळ, अवघडून झोपल्यामुळे धरलेली बरगडी, जिना चढून लागलेली धाप, हे सगळे पूर्वीही होत असे आणि कोणी त्याची दखल घेत नसे. आता प्रत्येक कळेबरोबर हात छातीकडे जातो. चिंतेवर उपचार करणाऱ्या समुपदेशकांकडे मी जाते आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही; हृदयासाठी डॉक्टर लागतो तसा या भीतीसाठीही लागतो. त्यांनी दाखवून दिले की सारखी नाडी बघणे, सारखा रक्तदाब मोजणे यातून मिळणारा धीर फार थोडा वेळ टिकतो आणि पुन्हा मोजण्याची ओढ मात्र वाढते. त्यामुळे रक्तदाब मी ठरलेल्या वेळीच, पाच मिनिटे शांत बसून मोजते आणि वहीत लिहून वही मिटते.

कोणत्या दुखण्याला घाबरायचे, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट करून घेतले आहे. धमनी चिरते तेव्हाचे दुखणे सहसा एकदम येते, सुरुवातीपासूनच अतिशय तीव्र असते, छातीत किंवा पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये, काहीतरी फाटल्यासारखे. सोबत भोवळ, बोलण्यात अडखळणे किंवा एखाद्या हातापायातली शक्ती जाणे असू शकते. तसे झाले तर वाट पाहायची नाही, रुग्णवाहिका बोलवायची आणि पहिल्याच वाक्यात सांगायचे की मला महाधमनीचा ॲन्युरिझम, म्हणजे फुगवटा, आहे. हे सांगणे फार महत्त्वाचे आहे, कारण वरवर पाहता ते हृदयविकाराच्या झटक्यासारखे दिसू शकते आणि झटक्यावर दिले जाणारे गुठळी विरघळवणारे औषध इथे घातक ठरते. माझ्या पर्समध्ये ही ओळ लिहिलेले एक कार्ड असते आणि घरातल्या प्रत्येकाला ते कुठे आहे हे माहीत आहे. दुखण्याविषयीचा हा नियम ठरल्यापासून बाकीच्या बारीकसारीक कळांना उत्तर देणे मला जमू लागले.

रोजच्या जगण्यात फार बदल झालेला नाही. रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. तो १३०/८० च्या खाली राहावा असे डॉक्टरांनी सांगितले आहे. भरभर चालते, सायकल चालवते. श्वास कोंडून जड वजन उचलत मात्र नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतला दाब ते पूर्ण जोर लावत असताना थेट मोजला होता आणि तो ३०० च्याही वर गेला होता. हे वाचल्यावर जड कपाट सरकवायला दुसऱ्याला बोलावणे मला कमीपणाचे वाटेनासे झाले. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके शक्य असेल तिथे टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये अशा रुग्णांसाठी दिला आहे, म्हणून साध्या तापासाठी गेले तरी मी माझ्या आजाराचा उल्लेख करते. झडपेचा हा दोष घरात इतरांनाही असू शकतो, म्हणून आई-वडील, भावंडे आणि मुले यांनीही एकदा इको करून घ्यायला हवा. ही गोष्ट घरी सांगणे मला स्वतःच्या निदानापेक्षा जड गेले. धाकट्या भावाची झडप तीन पाकळ्यांची निघाली तेव्हा मला रडू आले. स्वतःच्या रिपोर्टच्या वेळी आले नव्हते.

‘‘काळजी करू नकोस’’ या शब्दांचा मला फारसा उपयोग होत नाही, हेही विचारणाऱ्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते. तपासणीच्या आधीचे काही दिवस मी गप्प असते, चटकन चिडते, पुढच्या सहलीचा बेत करायला तयार नसते. तेव्हा माझी एक मैत्रीण फक्त विचारते, ‘‘तारीख कोणती? मी येते.’’ ती येते, बाहेरच्या बाकावर बसते, आणि आत डॉक्टर बोलत असताना मुद्दे लिहून घेते, कारण आकडा कानावर पडल्यानंतर पुढचे मला ऐकू येत नाही.

हे असे किती वर्षे चालणार, हा प्रश्न सहसा सर्वांत शेवटी येतो. छातीतल्या बहुतेक फुगवट्यांची वाढ संथ असते, वर्षाला एखादा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. कित्येकांची धमनी वर्षानुवर्षे तेवढीच राहते. माझी तशी राहिली तर ऑपरेशनची वेळ कदाचित येणारही नाही. आली तर ते घाईगर्दीत नको, दिवस ठरवून व्हावे, म्हणून कोणत्या सर्जनकडे जायचे, झडप वाचवता येईल का, ती बदलावी लागली तर कृत्रिम धातूची की प्राण्यांच्या ऊतीची, याबद्दल आम्ही आधीच बोलून ठेवले आहे. आणि ऑपरेशन झाले तरी उरलेली महाधमनी माझीच असणार आहे, तीही पाहत राहावी लागेल, त्यामुळे तपासणीची तारीख त्यानंतरही पडत राहील.